त्वचेवरील व्रण आणि शरीराच्या रक्षक पेशी

राजस्थानातील बिकानेर शहरात आणि त्याच्या आसपासच्या वाळवंटी टापूत त्वचेचा एक रोग पुष्कळ वर्षांपासून लोकांच्या परिचयाचा आहे. चेहरा, मनगट, पायाची नडगी अशा अंगाच्या उघड्या राहणाऱ्या भागावर प्रथम एक लहानशी लालसर पुटकुळी येते. किडा चावला असेल, असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. पुटकुळी फारशी दुखत नाही. परंतु ती बरीही होत नाही. काही आठवड्यांत तिची गाठ बनते, गाठीवर खपली धरते आणि खपली निघाली की उंच काठांचा, वाटोळा व्रण दिसू लागतो. हा व्रण कित्येक महिने, प्रसंगी वर्षभरही, तसाच राहतो. पुढे तो बहुधा आपोआप भरून येतो. मात्र जाताना कायमचा वण मागे ठेवतो. चेहऱ्यावरच्या अशा वणाचे दुःख विशेषतः मुलींना व स्त्रियांना जन्मभर सोसावे लागते.

या व्रणाला देशोदेशी निरनिराळी नावे मिळाली आहेत. इंग्रजी अमदानीत त्याला ‘दिल्ली फोड’ म्हणत. पश्चिम आशियात तो ‘बगदाद फोड’, ‘अलेप्पो फोड’ या नावांनी ओळखला गेला. इराणात त्याला ‘सालक’ म्हणतात. वर्षभर टिकणारा म्हणून ‘साल’ या शब्दावरून हे नाव पडले. वैद्यकशास्त्रात त्याचे नाव त्वचीय लेशमानिया रोग असे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ ते १० लाख लोकांना हा रोग नव्याने होतो.

या रोगाचे कारण असलेला परजीवी अतिशय सूक्ष्म आहे. मनुष्याच्या शरीरात त्याचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन ते चारपट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशीच्या जवळजवळ निम्माच असतो. एवढ्याशा जीवामुळे रुपयाच्या नाण्याएवढा व्रण कसा पडतो, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. व्रणाच्या काठाचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. त्या तुकड्यात परजीवी असतात. परंतु त्यांच्याभोवती रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातील पेशींची जी दाटी झालेली असते, ती कितीतरी मोठी असते. या पेशी त्या जागी मूळच्या नव्हत्या. अस्थिमज्जेत जन्म घेऊन, रक्तातून वाहत येऊन, रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून त्या तेथे पोचलेल्या असतात. त्यांच्या येण्यानेच रोग बरा होतो आणि त्यांच्या येण्यानेच त्वचेची नासाडीही होते. ही दुहेरी क्रिया समजून घेतल्यास त्वचेवरील चट्ट्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. इतकेच नव्हे, तर काळा आजार या घातक रोगाच्या निर्मूलनात त्वचेवरच्या एका निरुपद्रवी वाटणाऱ्या डागाला एवढे महत्त्व का आहे, तेही ध्यानात येते.

परजीवीचा शोध

या परजीवीच्या शोधाचा भारताशी निकटचा संबंध आहे. १८८५ मध्ये कलकत्ता येथे डेव्हिड कनिंगहॅम यांनी दिल्ली फोडाच्या ऊतकात काही विलक्षण सूक्ष्म पिंड पाहिल्याची नोंद केली. १८९८ मध्ये ताश्कंद येथे प्योत्र बोरोव्स्की या रशियन शल्यचिकित्सकांनी हे पिंड म्हणजे एकपेशीय प्राणी आहेत, असे ओळखले. कलकत्त्याजवळील डमडमच्या छावणीत राहिलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत विल्यम लेशमन यांना असेच पिंड आढळले आणि १९०३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासला चार्ल्स डोनोव्हन यांनीही ते पाहिले. हिवतापाच्या संशोधनामुळे प्रसिद्धी पावलेले रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावे जोडून या परजीवीला ‘लेशमानिया डोनोव्हनी’ असे नाव दिले. त्वचेच्या फोडातील परजीवी हा त्याचाच भाईबंद असल्याचे बॉस्टनच्या जेम्स रायट यांनी १९०३ मध्येच दाखवून दिले.

या कुळातील वीसहून अधिक जाती मनुष्यास उपद्रव देतात. काही जाती केवळ त्वचेत राहतात, तर लेशमानिया डोनोव्हनी ही जाती प्लीहा, यकृत व अस्थिमज्जा यांत शिरून काळा आजार उत्पन्न करते. भारतात त्वचीय रोग प्रामुख्याने राजस्थानच्या वाळवंटी भागात आढळतो. हिमाचल प्रदेशातील सतलजच्या खोऱ्यात आणि केरळात पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडील वनवासी वस्त्यांतही त्याचे रुग्ण सापडले आहेत.

वाळूमाशीचा दंश

परजीवीला एका शरीरातून दुसऱ्या शरीरात नेण्याचे काम वाळूमाशी करते. ही माशी जेमतेम दोन ते तीन मिलिमीटर लांबीची, केसाळ व भुऱ्या रंगाची असते. तिचे उडणे म्हणजे तोकड्या उड्याच असतात. भिंतींच्या भेगा, गोठे, उंदरांची बिळे, पालापाचोळ्याची ओलसर माती ही तिची आश्रयस्थाने होत. महाराष्ट्रालाही ती अपरिचित नाही. नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा या गावाचे नाव ज्या विषाणूला मिळाले आणि जो १९६५ मध्ये प्रथम वेगळा करण्यात आला, त्याच्या प्रसाराशीही वाळूमाशीचाच संबंध जोडला जातो.

मादी वाळूमाशीच तेवढी रक्त पिते. डासाप्रमाणे ती आपली सोंड अलगद केशवाहिनीत खुपसत नाही. ती कातडी ओरबाडून लहानशी जखम करते आणि तेथे साचलेला रक्ताचा थेंब पिते. जखम करताना तिची लाळ आत जाते. या लाळेतील द्रव्ये रक्त गोठू देत नाहीत व केशवाहिन्या रुंदावतात. माशीच्या अन्ननलिकेत वाढलेले परजीवी, त्यांनी स्रवलेला चिकट पदार्थ आणि माशीच्या आतड्यातील काही जीवाणू हेही लाळेबरोबर जखमेत उतरतात. अशा रीतीने एका दंशात चार गोष्टी एकदम घडतात : त्वचा फाटते, रक्त सांडते, परकी द्रव्ये आत येतात आणि परजीवी आत येतो. शरीराच्या रक्षक पेशींना बोलावणे जाण्यास एवढे पुरेसे असते.

पेशी रक्तवाहिनीबाहेर कशा पडतात

रक्तातील पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडू शकतात, ही गोष्ट जर्मन शास्त्रज्ञ युलियस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये बेडकावरील प्रयोगांतून सविस्तर वर्णन केली. बाहेर पडलेल्या पेशी काय करतात, हे कोडे इल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञांनी सोडविले. १८८२ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना येथे असताना त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहतात, तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला होता. या पेशी परक्या वस्तूला गिळतात व पचवितात, असा सिद्धांत त्यांनी मांडला. त्यासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख यांच्यासमवेत त्यांना मिळाले.

पेशींच्या या प्रवासाचे टप्पे आता बरेच तपशीलवार ज्ञात झाले आहेत. जखमेच्या जागी असलेल्या पेशी रासायनिक संदेश सोडतात. या संदेशांमुळे जवळच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर ‘सिलेक्टिन’ नावाचे रेणू उगवून येतात. एरव्ही रक्ताच्या ओघाबरोबर वेगाने जाणारी पांढरी पेशी या रेणूंना चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते आणि अस्तरावरून घरंगळत राहते. तिचा वेग त्यामुळे मंदावतो. अस्तरावर मांडलेले ‘केमोकाइन’ नावाचे संदेशरेणू तिला या वेळी ओळखता येतात. संदेश पटला की पेशीच्या पृष्ठभागावरील ‘इंटिग्रिन’ हे रेणू आवळले जातात आणि पेशी जागच्या जागी घट्ट रुतून बसते. मग ती चपटी होऊन अस्तरातील दोन पेशींच्या फटीतून स्वतःला आक्रसून घेत बाहेर पडते. बाहेर आल्यावर ज्या दिशेला संदेशद्रव्याचे प्रमाण अधिक, त्या दिशेला ती सरकत जाते. शिजणाऱ्या अन्नाचा वास ज्या बाजूने दाट येतो, त्या बाजूला चालत गेल्यास स्वयंपाकघर सापडते, तसाच हा प्रकार होय.

सर्व पांढऱ्या पेशी एकाच हाकेला ओ देत नाहीत, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे. प्रत्येक प्रकारच्या पेशीवर विशिष्ट संदेश ओळखणारे ग्राहक असतात. म्हणून आधी कोणी यावे, मागाहून कोणी यावे आणि कोणी येऊच नये, हे जखमेतून निघणाऱ्या संदेशांवर ठरते. रोगाचा पुढचा सारा मार्ग या क्रमावर अवलंबून असतो.

पहिली तुकडी आणि तिची मर्यादा

दंशाच्या जागी सर्वांत आधी धावून येतात त्या ‘न्यूट्रोफिल’ नावाच्या पेशी. रक्तातील पांढऱ्या पेशींत यांचीच संख्या सर्वाधिक असते. पू होतो तो मुख्यतः यांच्याच मृत पेशींचा. २००८ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील शास्त्रज्ञांनी जिवंत उंदराच्या कानाच्या त्वचेतील ही हालचाल विशेष प्रकारच्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिली. वाळूमाशी चावल्यानंतर तासाभराच्या आतच न्यूट्रोफिल पेशी दंशाच्या छिद्राकडे थव्याने येतात, तेथे जणू बूच बसवितात आणि परजीवींना गिळून टाकतात, असे त्यांना आढळले. प्रथम आलेल्या पेशी आणखी संदेश सोडतात व मागच्या पेशींना बोलावून घेतात. साखरेचा कण सापडलेल्या मुंगीमागून रांग लागावी, तसे हे घडते.

याच प्रयोगात एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. ज्या उंदरांतील न्यूट्रोफिल पेशी आधीच काढून टाकल्या होत्या, त्यांच्यात संसर्ग वाढण्याऐवजी कमी झाला. गिळलेले परजीवी न्यूट्रोफिलच्या पोटात मरून जात नाहीत. त्यांतील पुष्कळ जिवंत राहतात, असा त्याचा अर्थ होता. न्यूट्रोफिल पेशी अल्पायुषी असतात. त्या मरू लागल्या की त्यांची विल्हेवाट लावण्यासाठी दुसऱ्या भक्षक पेशी येतात. मेलेल्या पेशीबरोबर तिच्यातील परजीवीही अशा रीतीने नव्या पेशीत गाजावाजा न होता पोचतो. चोराने पहारेकऱ्याच्याच घोंगडीत दडून वाड्यात शिरावे, तसे हे आहे. परजीवीच्या सर्व जातींत हा प्रकार सारख्याच प्रमाणात घडतो असे नाही. तथापि रक्षक पेशी लवकर व मोठ्या संख्येने आल्या म्हणजे रक्षण झालेच, असे मानता येत नाही, एवढे या प्रयोगाने स्पष्ट केले.

भक्षकाच्या घरी वस्ती

न्यूट्रोफिलच्या मागोमाग रक्तातून मोनोसाइट पेशी येतात आणि त्वचेत आल्यावर त्यांचे रूपांतर महाभक्षी पेशींत होते. गिळलेला जंतू आम्लयुक्त कप्प्यात कोंडून पचविणे, हे महाभक्षी पेशीचे काम. लेशमानियाने मात्र नेमक्या याच कप्प्यात राहण्याची विद्या साधली आहे. तेथे गेल्यावर तो आपली शेपटी आखडून घेतो, वाटोळा होतो आणि दुभागून वाढू लागतो. भरून गेलेली पेशी फुटते व बाहेर पडलेले परजीवी शेजारच्या पेशींत शिरतात. संदेश मिळून नव्याने येणारी प्रत्येक महाभक्षी पेशी त्यामुळे परजीवीला नवे घर ठरण्याचा संभव असतो.

हीच महाभक्षी पेशी परजीवीचा नाशही करू शकते. परंतु त्यासाठी तिला बाहेरून एक आज्ञा मिळावी लागते. ही आज्ञा म्हणजे ‘गॅमा इंटरफेरॉन’ हे द्रव्य होय. ते मिळाले की पेशी जागृत होते आणि नायट्रिक ऑक्साइडसारखी तीव्र रसायने तयार करून आपल्या पोटातील परजीवींना मारते. ही आज्ञा आणणारा दूत म्हणजे टी-पेशी. तिला येण्यास मात्र वेळ लागतो.

लसिकाग्रंथीतील तयारी

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हा अनुभव ग्रामीण भागात सर्वांना आहे. अवधाण म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी. तिच्या सुजण्यामागे पेशींचा आणखी एक प्रवास असतो. त्वचेत ‘डेंड्रायटिक’ नावाच्या शाखायुक्त पेशी पहाऱ्यावर असतात. परजीवीचे अंश घेऊन त्या त्वचेतून निघतात आणि लसवाहिन्यांमार्गे जवळच्या लसिकाग्रंथीत पोचतात. तेथे लक्षावधी टी-पेशी वस्तीला असतात. त्यांतील प्रत्येकीला एकच विशिष्ट अंश ओळखता येतो. ज्या थोड्या टी-पेशींना लेशमानियाचा अंश ओळखता येतो, त्या वेगळ्या पडतात व झपाट्याने संख्येने वाढतात.

या तयारीच्या काळात टी-पेशींना दोन गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे कामाचे स्वरूप : गॅमा इंटरफेरॉन सोडून महाभक्षी पेशींना जागृत करावयाचे, की दुसरी द्रव्ये सोडून त्यांना शांत ठेवावयाचे. दुसरी म्हणजे पत्ता. त्वचेतून आलेल्या शाखायुक्त पेशींनी तयार केलेल्या टी-पेशींवर त्वचेतील रक्तवाहिन्या ओळखणारे रेणू उगवतात. आतड्याच्या बाजूने तयार झालेल्या टी-पेशींवर आतड्याचा पत्ता असतो. टपालावर पत्ता लिहिलेला असावा, त्याप्रमाणे या पेशी रक्तातून साऱ्या शरीरात फिरल्या, तरी त्वचेत, आणि त्यातही जेथून संदेश निघत आहेत अशा सुजलेल्या जागी, बाहेर पडतात. दंशापासून या टप्प्यापर्यंत काही आठवडे जातात. पुटकुळी मोठी होऊन गाठ बनते, ती बहुधा याच सुमारास. म्हणजे रुग्णाला जो रोग वाढताना दिसतो, त्यातील बराचसा भाग वस्तुतः शरीराचा उशिरा आलेला प्रतिकार असतो.

व्रण भरून आल्यावरही काही टी-पेशी त्या त्वचेत कायमच्या राहतात आणि पुन्हा परजीवी आल्यास लवकर कामाला लागतात. ही गोष्ट शास्त्राने सांगण्यापूर्वी लोकांनी अनुभवाने जाणली होती. मध्य आशियात व पश्चिम आशियात मुलांच्या अंगावर झाकलेल्या जागी व्रणातील द्रव मुद्दाम टोचण्याची चाल होती. हेतू हा की, तेथे एक वण पडावा, पण चेहरा पुढे सुरक्षित राहावा. इराणने १९८० नंतरच्या युद्धकाळात लाखो सैनिकांना असे टोचून घेतले. परंतु काहींचे व्रण दीर्घकाळ बरे होईनात, तेव्हा ही पद्धत मागे पडली. मनुष्यासाठी या रोगावर सर्वमान्य लस अद्याप उपलब्ध झालेली नाही.

अपुरा प्रतिकार आणि अतिरेकी प्रतिकार

पेशींच्या येण्यात समतोल न राहिल्यास काय होते, हे या रोगाच्या दोन टोकांच्या प्रकारांवरून दिसून येते. इथिओपियात व दक्षिण अमेरिकेत काही थोड्या रुग्णांच्या टी-पेशी लेशमानियाला जणू ओळखतच नाहीत. त्यांच्या त्वचेवर सर्वत्र गाठी उठतात. गाठींतील महाभक्षी पेशी परजीवींनी खच्चून भरलेल्या असतात. मात्र या गाठींचे व्रण बहुधा होत नाहीत आणि रोग वर्षानुवर्षे हटत नाही. याच्या उलट, दक्षिण अमेरिकेतच आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारात नाक, ओठ व टाळू यांचा नाश होतो. तेथील ऊतकात परजीवी शोधूनही क्वचितच सापडतात. सापडतात त्या टी-पेशींच्या झुंडी. त्यांतील काही पेशी परजीवी असलेल्या पेशींना ठार मारतात व त्यातून सूज आणखी भडकते. एका ठिकाणी परजीवी पुष्कळ पण व्रण नाही, तर दुसऱ्या ठिकाणी परजीवी थोडे पण नाश मोठा, असा हा विरोध आहे.

कुष्ठरोगाशी परिचय असलेल्या वाचकांना यात साम्य जाणवेल. कुष्ठरोगाचा जंतू जीवाणू आहे, परजीवी प्राणी नव्हे. परंतु तोही महाभक्षी पेशींत राहतो आणि त्या रोगातही एका टोकाला जंतू अगणित व प्रतिकार क्षीण, तर दुसऱ्या टोकाला जंतू अत्यल्प व प्रतिकार तीव्र, अशी स्थिती आढळते.

काळा आजार बरा झाल्यानंतरचे चट्टे

भारताच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग काळ्या आजाराशी निगडित आहे. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशाचा पूर्व भाग ही या रोगाची क्षेत्रे. दीर्घ ताप, वाढलेली प्लीहा व अशक्तता ही त्याची लक्षणे असून उपचार न झाल्यास बहुतेक रुग्ण दगावतात. १९२० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी तयार केलेल्या युरिया स्टिबामाइन या औषधाने असंख्य प्राण वाचविले. याच ब्रह्मचारींनी १९२२ मध्ये एका नव्या प्रकाराचे वर्णन केले. काळ्या आजारातून बरे झालेल्या काही रुग्णांच्या त्वचेवर पुढे फिकट चट्टे व गाठी उमटत आणि त्यांत परजीवी सापडत.

भारतीय उपखंडात काळ्या आजाराच्या सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांना, बहुधा सहा महिन्यांनंतर व पुष्कळदा काही वर्षांनी, असे चट्टे उठतात. उपचाराने प्लीहा व यकृत यांतील परजीवी नष्ट झाले, तरी त्वचेत काही उरतात. आजारात दबलेल्या टी-पेशी रुग्ण बरा होऊ लागला की पुन्हा तयार होतात व त्वचेत पोचतात. परंतु तेथे प्रतिकाराला उत्तेजन देणारी आणि त्याला आवर घालणारी अशी दोन्ही द्रव्ये एकाच वेळी आढळतात. परिणामी परजीवी पूर्णपणे मरत नाही आणि उघडपणे वाढतही नाही. सूज असते, पण व्रण नसतो. चट्टा असतो, पण वेदना नसते.

रुग्णाला काहीही त्रास होत नसल्याने तो दवाखान्यात जात नाही. परंतु त्याच्या त्वचेतून वाळूमाशीला परजीवी मिळू शकतो. १९५० नंतर हिवताप निर्मूलनासाठी झालेल्या डीडीटीच्या फवारणीने वाळूमाशीही कमी झाली व काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबल्यावर १९७० नंतरच्या दशकात बिहारमध्ये तो पुन्हा मोठ्या प्रमाणावर उद्भवला. पश्चिम बंगालमधील २४ परगणा भागातील उद्रेकाची सुरुवात अशा चट्ट्यांच्या रुग्णापासून झाली असावी, असे अभ्यासकांनी १९९२ मध्ये मांडले. त्याच वर्षी देशात काळ्या आजाराचे ७७,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यानंतर रोगनिदानाच्या सोप्या चाचण्या, एका दिवसात देता येणारी औषधे आणि घरोघरची फवारणी यांच्या बळावर ही संख्या उतरत गेली. दर १०,००० लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण, हे गटपातळीवरचे उद्दिष्ट भारताने २०२३ अखेर गाठले. हे यश टिकविण्यासाठी प्रत्येक चट्ट्याचा रुग्ण शोधणे आवश्यक ठरते. कारण रोगी संपल्यासारखे वाटत असताना परजीवी अशाच त्वचेत वाट पाहत राहतो.

व्यवहारात काय करावे

महाराष्ट्र हे काळ्या आजाराचे क्षेत्र नाही. तथापि रोगग्रस्त भागांतून कामधंद्यासाठी येणारे लोक येथे आहेत आणि येथील लोकही नोकरी, सैन्यसेवा वा मजुरी यांनिमित्त राजस्थानात, बिहारात व परदेशी जातात. म्हणून पुढील गोष्टी शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांनी लक्षात ठेवणे हिताचे होय.

महिना उलटूनही न भरणारा, फारसा न दुखणारा व्रण अंगाच्या उघड्या भागावर दिसल्यास रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे. व्रणाच्या काठाचा थोडा भाग काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास निदान होऊ शकते. बिब्बा लावणे, डाग देणे, झाडपाल्याचा दाहक लेप बसविणे या उपायांनी ऊतक जळते, सूज वाढते व वण अधिक मोठा पडतो. दुकानातून गजकर्णासाठी म्हणून आणलेल्या मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. ते रक्षक पेशींच्या कामात अडथळा आणते. लाली तात्पुरती कमी झाली, तरी रोग बरा होत नाही व निदान मात्र लांबते.

फिकट चट्टा दिसताच तो कुष्ठरोगाचाच, असा निष्कर्षही परस्पर काढू नये. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा बधिरता असते. काळ्या आजारानंतरच्या चट्ट्यावर संवेदना शाबूत असते. पूर्वी कधी दीर्घकाळ ताप येऊन काळ्या आजाराचा उपचार झाला होता काय, हा एक प्रश्न विचारल्याने वैद्यकीय अधिकाऱ्याला मोठी मदत होते. निर्णय अर्थात तपासणीनंतर त्यांनीच करावयाचा असतो. या चट्ट्यांचा उपचार दीर्घ मुदतीचा असतो. भारतात मिल्टेफोसिन हे तोंडाने घेण्याचे औषध १२ आठवडे देण्याची पद्धत रूढ झाली. त्रास नसलेल्या माणसाने इतके दिवस औषध घेणे कठीण जाते. औषध मध्येच सुटू नये आणि डोळ्यांना लाली वा दुखणे जाणवल्यास ते लगेच डॉक्टरांना कळविले जावे, यासाठी आशा कार्यकर्तीचे व कुटुंबाचे लक्ष असावे लागते.

ज्या गावी हे रोग आहेत, तेथे भिंतींच्या भेगा लिंपणे, गोठा घरापासून दूर व कोरडा ठेवणे, बारीक छिद्रांच्या मच्छरदाणीत झोपणे आणि फवारणीच्या पथकाला घराच्या सर्व खोल्या उघडून देणे, हे उपाय ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत.

त्वचेवरचा चट्टा पाहून तोंड फिरविण्याची, रुग्णाला वेगळे बसविण्याची किंवा मुलीचे लग्न मोडण्याची प्रवृत्ती समाजात अद्याप आहे. तिच्या भयाने रुग्ण चट्टा लपवितो आणि लपविलेला चट्टा वाळूमाशीला मात्र सापडतो. या रोगाचे व्रण आणि चट्टे स्पर्शाने पसरत नाहीत. ते दाखविणाऱ्याला वर्गात, पंगतीत व कामावर पूर्वीचेच स्थान मिळेल, अशी खात्री गावाने दिली, तर तो आपण होऊन आरोग्य केंद्रात येईल. आणि रक्षक पेशींना जे काम एकट्याने पुरे करता आले नाही, ते औषधाच्या साह्याने वेळेवर पुरे होऊ शकेल.